उतारावरचं फुकट

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका खूप होतील. त्या माफ कराव्या. अक्षरही वाईट आहे. ओळ सरळ सुरू होते, मग वर वर चढत जाते आणि पानाच्या कडेला शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात. कोणाला दाखवायला मी हे लिहीत नाही. चार माणसं समोर असली की माझा आवाज घशाच्या वर येत नाही. दुपारी भांडी झाली की घरात कोणी नसतं, म्हणून लिहिते.

आमच्या घरमालकांबद्दल लिहायचं आहे. आता ते नाहीत. त्यांना सगळे काकाच म्हणत, त्यांच्या वयाचे लोकसुद्धा. रायपूरच्या तात्यापाऱ्यात त्यांचं घर होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. आमचे हे गोल बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. काका रेल्वेच्या हिशोबाच्या ऑफिसातून रिटायर झालेले. तेही भंडाऱ्याकडचे आणि आम्हीही, एवढ्यावरच त्यांनी खोल्यांची किल्ली दिली. भाड्याचं बोलणं नंतर झालं.

काकांना दुरून ओळखायचं तर पायांकडं बघावं. उजव्या पायात काळा बूट, रोज पॉलिश केलेला, नाडी घट्ट बांधलेली. डाव्या पायात रबराची चप्पल. तरुणपणी ते यार्डात पडले होते. तेव्हापासून डावा गुडघा वाकत नव्हता आणि त्या पायात जोरही नव्हता. "जो पाय काम करते त्याले बूट," ते म्हणायचे, "जो पेन्शनवर हाय त्याले चप्पल." लग्नात, बँकेत, देवळात, सगळीकडं तसेच जायचे. देवळाबाहेर त्यांचा जोड कधी चोरीला गेला नाही.

सगळ्यांना ते अहो-जाहो करायचे. मला, दूधवाल्याला, अंगणात शिरणाऱ्या गाईलासुद्धा. "सरका आता बाजूले, लोक येऊन राहिले," असं गाईला अगदी मानानं सांगायचे. तू म्हणायचे ते एकट्या काकूंना. काकू म्हणायच्या, "या घरात गाईले मान हाय, मलेच नाई."

त्या पायामुळं काकांना नोकरीभर सायकल नाही, स्कूटर नाही. रिक्षानं ऑफिसला जायचे, रिक्षानं यायचे. रिटायर झाल्यावर फंडाचे पैसे आले आणि ते सरळ जाऊन एक जुनी परदेशी गाडी घेऊन आले. कारखान्याचा कोणी साहेब गाव सोडून चालला होता, त्याची. लांबलचक, मातकट हिरवी गाडी. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचा. उजवा पाय एकटाच चालवू शकेल अशी साऱ्या रायपुरात ती एकच गाडी आहे, असं काका सांगायचे. खरं-खोटं मला माहीत नाही. काकू कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काका म्हणाले, "इतकी शांतता या घरात कधीच नव्हती. गाडी वसूल झाली."

गिअरच्या दांड्याशेजारी इंग्रजी अक्षरं होती. मला वाचता येईनात, तर त्यांनी बोट ठेवून शिकवली. "हे बसा. हे मागं सरका. हे निवांत. अन् हे चला. एवढंच हाय बाई. संसार याच्याहून कठीण हाय."

गाडी आली, पण जायचं कुठं? काकूंना गाडीत मळमळायचं. काका रोज चौकापर्यंत जाऊन परत यायचे. मग रायपूर राजधानी झालं. भोपाळहून बाबू लोक, साहेब लोक बदलून आले. बायकापोरं तिकडंच ठेवून तेलीबांध्याकडं, लाईनीपलीकडं, जिथं मिळेल तिथं खोली घेऊन एकेकटे राहायचे आणि हॉटेलचं खाऊन पोट धरून बसायचे. त्यातला एक काकांना बँकेत भेटला. घरी येऊन काका मला म्हणाले, "बाई, एका माणसाले घरची पोळी पायजे. तुमी करा, मी पोचवतो." मला नाही म्हणायचीही लाज वाटली, म्हणून ते हो झालं.

एकाचे दोन झाले, दोनाचे चार. पुढं तर गाडीची मागची सीट डब्यांनी भरून जायची आणि वळणावर एकही कलंडू नये म्हणून काका मध्ये गोदडी खुपसायचे. पेट्रोलचे पैसे घ्यायचे, मेहनतीचे नाही. "मी तसाही फिरणारच होतो," म्हणायचे.

मी गिऱ्हाईक एकही पाहिलेलं नव्हतं. माझ्या वतीनं बोलायचं काम काकांचं. रिकामे डबे घेऊन आले की स्वयंपाकघराच्या दारात एका पायावर भार देऊन उभे राहायचे आणि निकाल वाचून दाखवायचे.

"तेलीबांध्याचे साहेब म्हणते, वरणात मीठ कमी. मी म्हटलं, मीठ बरोबर हाय, तुमचीच जीभ हॉटेलात बिघडली."

"अहो काका, असं म्हटलं तुमी?"

"मंग काय म्हणू? अन् तळ्याजवळचे बाबू. त्याईनं वांग्याचा डबा असा दिला का धुवाची गरज नाई. त्याईले उद्या एक पोळी जास्त द्या."

माझं बोलणं मी कधीच असं बोलू शकले नसते. पण त्या बाबूंना खरंच वाटायचं की डबेवाली बाई फार तिखट आहे. एकानं म्हणे विचारलं, "आपकी बहू गुस्सेवाली है क्या?" काका म्हणाले, "बहुत!"

काका कंजूष नव्हते. दारात आलेल्याला रिकामं पाठवायचे नाहीत. पण वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांचे खर्च तपासले, ती सवय गेली नाही. नळ टपकला की त्याखाली वाटी. खोलीत कोणी नाही आणि पंखा फिरतोय, तर काठीनं बटण बंद. आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं हे त्यांच्या हिशोबी पापच. सिग्नलवर थांबले की चावी बंद करायचे. मागचे लोक भोंगे वाजवायचे तेव्हा हात बाहेर काढून नमस्कार करायचे.

त्यांची सगळ्यात आवडती जागा म्हणजे रेल्वेलाईनीवरचा पूल. पुलाच्या माथ्यावर पोचले की दांडा निवांतवर टाकायचे, चावी बंद करायचे, आणि ती एवढी मोठी गाडी काहीही आवाज न करता खाली वाहत जायची. उतार संपेपर्यंत काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून म्हणत राहायचे, "फुकट! फुकट! फुकट!" हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं. एकदा ते सोबत गेले होते. म्हणाले, "मले वाटलं म्हातारा कामातून गेला. मी तं दाराची कडी धरून बसलो."

सकाळी देवपूजा झाली की काकांची दुसरी पूजा अंगणात. बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या तेलाची लांब पट्टी ओढायची, पांढऱ्या फडक्यावर पुसायची, परत घालायची, परत काढून डोळ्याजवळ धरायची. रंग-वास काही बघायचे नाहीत, तेल खुणेपर्यंत दिसलं की मोठ्यानं म्हणायचे, "भरपूर!" त्यांच्या 'भरपूर'वर मी कणीक भिजवायला घ्यायचे, इतकं ते वेळेवर असे. ते तेल लाल असायचं. माझ्या पोळ्यांच्या फडक्यांतलं एखादं तारेवरून जाऊन लाल डाग घेऊन परत यायचं. काका म्हणायचे, वाऱ्यानं गेलं असेल.

एका उन्हाळ्यात गाडी बिघडायला लागली. दांडा चलावर टाकला तरी लगेच निघेना. जरा थांबून, एक धक्का देऊन मग निघायची. काका म्हणाले, "वय झालं, इचार करूनच पाय उचलणार." मग चढावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र पुढं सरकेना. डबे उशिरा पोचायला लागले. आणि एक दिवस पुलाच्या अर्ध्या चढावर ती थांबलीच. पुढं जायला तयार नाही, मागं जायला मात्र तयार.

त्या दिवशी काकांनी डबे रिक्षात घालून पुढं पाठवले आणि गाडी पुलापासून घरापर्यंत उलटी चालवत आणली. मी नळावर होते. गल्लीत आधी गाडीची पाठ दिसली, मग खिडकीतून मागं वळलेली काकांची मान. लोक भिंतीला चिकटून उभे. काका सगळ्यांना सांगत येत होते, "माफ करा हो, माफ करा, ह्या आज रागावल्या हाय." काकू दारात येऊन म्हणाल्या, "माझ्या माहेराहून मीही एकदा अशीच यायले पायजे होती, पाठ दाखवत."

मग मिस्त्री आला. मोठ्या आवाजाचा माणूस, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात पान. अशी गाडी त्यानं उघडली नव्हती, पण ते कबूल करायला तो तयार नव्हता. आधी खाली वाकून बराच वेळ पायाशी चाचपडत राहिला. मग उठून म्हणाला, "बाबूजी, इसका क्लच का पैडल कोई निकाल के ले गया."

"याईले क्लच नसतेच," काका म्हणाले.

"मालूम है, मालूम है. चेक कर रहा था."

त्यानं प्लग बदलले. गाडी तशीच. पेट्रोलमध्ये कचरा आहे म्हणाला, टाकी उतरवून धुतली. गाडी तशीच, फक्त टाकी चकचकीत झाली. शेवटी त्यानं एसटीडी बूथवरून नागपूरच्या आपल्या उस्तादाला फोन लावला आणि फोनचे पैसेही काकांकडून घेतले. उस्तादानं सांगितलं, गिअरबॉक्सच्या खालचं तेलाचं ताट खोल आणि तेलाचा वास घे.

ताट खोललं तेव्हा मी भाजीला फोडणी देत होते. जळका वास स्वयंपाकघरात आला. समोरच्या ओट्यावरून काकू ओरडल्या, "काय जाळलं वो पोरी?"

"मी नाही काकू," मी खिडकीतून म्हटलं.

मी पदर नाकाला लावून दारात आले. मिस्त्रीनं बोटावर तेल घेऊन काकांपुढं धरलं. लाल कुठंच नव्हतं. काळं, दाट, आणि त्यात बारीक चमक, भांडी घासायच्या तारेचे तुकडे पडावेत तशी. उस्तादानं त्याला काही प्रश्न विचारायला सांगितले होते, ते तो आता आपलेच असल्यासारखे विचारायला लागला.

"बाबूजी, तेल देखते कैसे हो आप?"

काकांनी मोठ्या उत्साहानं करून दाखवलं. रोज सकाळी, थंड गाडीत, इंजिन बंद, स्वच्छ फडक्यावर. "अन् रोज भरपूर असते," ते म्हणाले.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला आणि कपाळ काळं झालं. "अरे बाबूजी, बंद में तो सारा तेल ऊपर से उतर के नीचे जमा हो जाता है. कम हो तो भी भरपूर ही दिखेगा. इसका तेल गरम गाड़ी में देखते हैं, इंजन चालू रख के."

"उभ्या गाडीत? इंजिन चालू ठेवून?"

"हव."

"म्हंजे पेट्रोल जाळत?"

"हव बाबूजी. और उतार में बंद तो नहीं करते?"

काका हातातली पट्टी परत पुसायला लागले. ओट्यावरून काकूच म्हणाल्या, "पूछो मत भैया. पूरा पूल फुकट फुकट करते उतरते हैं."

मग मिस्त्रीनं समजावलं ते मलाही समजलं. तेल फिरवायचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की पंप बंद, पण चाकं फिरतच असतात, त्यांच्यासोबत गिअरबॉक्सच्या आतलंही फिरत राहतं. कोरडंच फिरतं. आधीच तेल कमी, त्यात दर उतारावर कोरडं घासायचं. आतल्या चकत्या जळून गेल्या होत्या.

काका पायरीवर बसले. बुटाची नाडी सोडली आणि बूट काढून बाजूला ठेवला. दिवसा त्यांचा उजवा पाय उघडा मी तेव्हाच पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे मीच. पैसे वाचवून वाचवून मीच मारलं याईले."

काकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

मिस्त्रीनं दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे हा गिअरबॉक्स काढून साधा बसवायचा, हातानं टाकायच्या गिअरचा. "सस्ते में हो जाएगा. तीन पैडल लगा दूँगा." काकांनी आपल्या डाव्या पायाकडं बोट केलं. "याले विचारा." दुसरा रस्ता म्हणजे नागपूरच्या कबाड्यांकडून अशाच मोडीत निघालेल्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणायचा. त्याची किंमत ऐकून काका हसले. फंड सगळा गाडीत गेला होता. पेन्शनमध्ये घर चालायचं, तेवढंच.

काकूंनी कबाडीवाल्याला बोलावलं. त्यानं गाडीभोवती फिरून वजनाचा अंदाज घेतला आणि भाव सांगितला. काका म्हणाले, "या मग कधी." तो रोज येऊन विचारू लागला.

त्या दिवसांत काका रोज डब्यांच्या वेळेला बूट घालायचे, छपरीत उभ्या गाडीत जाऊन बसायचे आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे. डबे घेऊन रिक्षा निघून जायची. काका एरवी परत यायच्या वेळेला उतरून घरात जायचे. माझ्या वरणाबद्दलही काही सांगायचे नाहीत, कारण सांगायला निकालच नव्हते. रिक्षावाला डबे फाटकावर ठेवून पळायचा. भाजी सांडायची. आठ-दहा गिऱ्हाइकं तुटली.

डब्यांचे थोडे थोडे करून मी पैसे जमवले होते. आमच्या ह्यांना ते माहीत होतं. एका रात्री जेवताना ते म्हणाले, "त्या पैशात जुनी मोपेड येते. मी दुकानात जायच्या आधी डबे टाकून देईन. काकाईची गाडी आता काही उठत नाई."

त्यांचं बोलणं सरळ होतं. हिशोबही बरोबर होता. मी म्हटलं, "अन् काका काय करतील?"

"काय करतील म्हंजे? आराम करतील. त्याईचं वय हाय आता."

"आराम करायले बूट काहून घालतात रोज?"

हे जेवायचे थांबले. मी त्यांना सहसा उलट बोलत नाही. म्हणाले, "तुह्या मनात काय हाय ते सांग."

मी सांगितलं. ते ऐकून हे म्हणाले, "पैसे परत नाई आले तं?" मी म्हटलं, "नाही आले तर नाही." हे सांगायला सोपं होतं, पण मला झोप लागली नाही. मोपेड मिळाली असती तर माझे डबे वाचले असते, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी काका गाडीत जाऊन बसले तेव्हा मी पदरात पैसे बांधून खिडकीशी गेले. काय बोलायचं ते मनात घोळवून गेले होते. तिथं पोचल्यावर काहीच आठवेना.

काका म्हणाले, "काय बाई? पीठ संपलं काय?"

मी गाठ सोडून पैसे खिडकीतून त्यांच्या मांडीवर ठेवले. "गिअरबॉक्स आणा. ऑटोमॅटिकच आणा."

"हे मी नाई घेत."

"मग डबे कोण नेणार?"

"तुमचे साहेब मोपेड घेऊन राहिले म्हणे." भिंत एकच होती, त्यांना सगळं ऐकू जायचं.

"ते पोचवतील, काका. पण मीठ बरोबर आहे असं कोण सांगणार?"

काकांनी समोरची काच आतून बाहीनं पुसली. मग म्हणाले, "एका अटीवर. हे कर्ज हाय. मदत-बिदत नाई. अन् माझं कर्ज फिटेपर्यंत तुमी मले दयामाया दाखवायची नाई." मी मान हलवली. त्यांनी पैसे तिथंच मोजून घेतले.

पहिला गिअरबॉक्स आला तो बसेना. भोकं जुळेनात. मिस्त्री म्हणाला, जराशी भोकं मोठी करतो. काका म्हणाले, "तुमच्या तोंडाचं मोठं करा." तो गिअरबॉक्स परत गेला. दुसरा नागपूरहून बसच्या टपावर पोत्यात गुंडाळून आला. काका आणि आमचे हे स्टँडवरून त्याला सायकलरिक्षात घालून घेऊन आले. काका सीटवर, गिअरबॉक्स त्यांच्या पायाशी, हे मागून चालत. काकूंनी दारातच थांबवलं, कुंकू लावलं आणि ओवाळलं. "या घरात आता दुसरी आली," म्हणाल्या, "पण पाय धुवायचे तं कुठले धुवू, हिले पायच नाई." गल्लीतल्या बायका हसून हसून भिंतीला टेकल्या.

बसवायला मिस्त्रीला बरेच दिवस लागले. काका स्टुलावर बसून बघायचे आणि उरलेला प्रत्येक बोल्ट दाखवून विचारायचे, "हा कुठला?" मिस्त्री म्हणायचा, "एक्स्ट्रा है बाबूजी." काका म्हणायचे, "देवानं मले एकही हाड एक्स्ट्रा नाई दिलं. शोधा." सापडायची जागा. आतलं चाक, नवं तेल, नळ्या, सगळं झालं. तेल बघायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवलं. काका उभ्या गाडीचा तो आवाज ऐकत दात आवळून उभे होते. पट्टी काढून बघितली. 'भरपूर' म्हणाले नाहीत. मिस्त्रीला म्हणाले, "तुमीच सांगा."

पहिल्या फेरीला काका म्हणाले, "बाई, तुमचे पैसे हाय. तुमी बसा समोर." मी त्या गाडीत कधी बसले नव्हते. मांडीवर गरम डबा, मागं बाकीचे. दांडा चलावर पडला आणि गाडी लगेच, न धक्का देता, निघाली. काकांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. गोल बाजाराच्या गर्दीतून निघालो, पुढं पूल आला. चढावर मी डबा घट्ट धरून होते. इंजिन ओरडलं नाही. गाडी चढली.

माथ्यावर आलो आणि काकांचा हात आपोआप चावीकडं गेला. बोटं चावीला लागलीसुद्धा.

"काका, राहू द्या चालू," मी म्हटलं.

इतक्या मोठ्यानं म्हटलं की आमच्या बाजूनं चाललेला सायकलवाला वळून बघायला लागला. काकांनी हात परत स्टिअरिंगवर ठेवला. इंजिन चालू ठेवून आम्ही तो पूल उतरलो. पेट्रोल जळत होतं आणि काकांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता. खाली आल्यावर म्हणाले, "बाई, तुमचे बाबू बरोबर म्हणते. तुमी गुस्सेवाल्याच हाय."

गिऱ्हाइकं परत यायला वेळ लागला, पण आली. काका एकेकाच्या दारात जाऊन सांगून आले, की डबेवाली बाई फार रागावली आहे, आत्ताच हो म्हणा.

कर्ज फेडायची काकांची रीत मात्र कोणाला समजली नाही. पेन्शनमधून काही निघेना, तेव्हा मी म्हटलं की डबे पोचवायचा पगार घ्या. ते नको म्हणत होते, तोच काकूंनी आतून सांगितलं, "घ्या म्हणते ना ती. म्हातारपणी नोकरी लागली, कोणाले लागते?" तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काका आमच्या दारात यायचे. आधी मी त्यांना भाडं द्यायचे. ते मोजून डाव्या खिशात ठेवायचे. मग मी पगार द्यायचे, तो उजव्या खिशात. मग उजव्या खिशातूनच काढून ते मला कर्जाचा हप्ता द्यायचे आणि मला मोजायला लावायचे. बहुतेक वेळा मी दिलेल्याच नोटा परत यायच्या.

आमचे हे म्हणायचे, "काका, सरळ वळते करून घ्या ना. काहून इकडून तिकडे?"

काका म्हणायचे, "भाडं माझ्या घराचं, पगार माझ्या मेहनतीचा, अन् कर्ज माझ्या चुकीचं. एकात एक नाई मिसळत."

मध्ये एकदा काकूंना दवाखान्यात ठेवावं लागलं. मी म्हटलं, या महिन्याचं राहू द्या. काकांनी बोट वर केलं. "दयामाया नाई, ठरलं होतं." आणि हप्ता दिला. एकदा दिवाळीला मी त्यांना धोतर घेतलं, तर म्हणाले, "हे कर्जात नाई धरायचं," आणि ते ठेवून घेतलं, कारण दिवाळीची भेट नाकारणं त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. असं दोन वर्षं चाललं, थोडं जास्तच.

शेवटच्या हप्त्याला काकूही आल्या, चांगली साडी नेसून. काका खुर्चीवर बसले. भाडं घेतलं, पगार घेतला, आणि मग उजव्या खिशातून नोटा काढून माझ्यापुढं धरल्या.

"मोजा बाई."

मी मोजल्या. एक नोट जरा फाटकी होती, ती त्यांनी मागून घेतली आणि दुसरी दिली.

"आता कर्ज नाई," ते म्हणाले, "तं पुढच्या महिन्यापासून माझा पगार बंद. मी तसाही फिरणारच हाय."

"पगार बंद होणार नाही," मी म्हटलं.

"मंग मी भाडं वाढवीन."

"वाढवा. मी पगार वाढवीन."

काका काकूंकडं बघायला लागले. काकू म्हणाल्या, "माह्याकडं काय पाहता? मी का दोघाईची वकील हाय?" हे दारात उभे राहून हसत होते.

"बरं, ते पुढच्या महिन्यात भांडू," काका म्हणाले. "आधी हे सांगा. फिटलं का?"

मी नोटा परत एकदा मोजल्या, कारण त्यांना ते आवडायचं. कुठंही काही कमी नव्हतं.

"फिटलं, काका," मी म्हटलं. "सगळं फिटलं."